मान धरली की आधी विचारा, मग हात लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सकाळी उठताना मान एका बाजूला धरली आणि वळेनाशी झाली, की आपल्याकडचा पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी बाम आणि शेक. मग आळीतल्या कुणा पायाळू माणसाचा पाय लावून घेणे. तेवढ्याने भागले नाही तर सलूनमध्ये चंपीच्या शेवटी दोन्ही बाजूंना कडकन मान मोडून घेणे, आणि तरीही उतार नसेल तर थेट एमआरआय. दुखणे नेमके कसे सुरू झाले, बोट ठेवून दाखवता येते का आणि त्याच्या जोडीला शरीरात आणखी काय बिघडले आहे, हे या साऱ्या धावपळीत कुणी विचारतच नाही. मानेच्या अचानक उठलेल्या दुखण्याचे कारण बहुतेक वेळा याच प्रश्नांच्या उत्तरात सापडते. मोबाइलवर सध्या मान मोडून 'झटक्यात आराम' दाखवणाऱ्या चित्रफिती घरोघरी पाहिल्या जातात. म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहोत.

सर्वात आधी दिलासा देणारी गोष्ट. अशा दुखण्याचे सर्वात नेहमीचे कारण साधे असते. मानेच्या सात मणक्यांना मागच्या बाजूने जोडणारे छोटे सांधे असतात. त्यातला एखादा चिमटला किंवा त्याच्या भोवतीचा स्नायू आखडला, की 'मान धरली' असे आपण म्हणतो. हे दुखणे झोपेतून उठताना किंवा पटकन मागे वळून पाहताना सुरू होते. ते एका बाजूला असते, एका ठरावीक दिशेला वळले की कळ येते आणि दुसऱ्या दिशेला मान बरीच मोकळी असते. दुखरी जागा बोटाने दाखवता येते. कळ खांद्यापर्यंत किंवा पाठीच्या फऱ्यापर्यंत जाते, पण कोपराच्या खाली उतरत नाही. ताप नसतो, हातापायांत जोर असतो. पहिले दोन-तीन दिवस जीव नकोसा होतो आणि मग आठ-दहा दिवसांत मान सुटते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. दुखणे किती जोरात आहे यावरून ते किती गंभीर आहे हे ठरत नाही. साधी धरलेली मान माणसाला रडवते, तर खरोखर धोक्याचे दुखणे कधीकधी 'थोडे वेगळेच वाटते' एवढ्यावरच असते.

हा 'वेगळेच वाटते' शब्द आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या आडव्या भागांतील छिद्रांतून वर चढतात. सहाव्या मणक्याच्या छिद्रात त्या शिरतात, एकेक छिद्र ओलांडत पहिल्या मणक्यापर्यंत पोहोचतात आणि तिथे मागे वळसा घालून कवटीत जातात. मान डावी-उजवी वळते त्यातले जवळजवळ निम्मे वळण पहिल्या आणि दुसऱ्या मणक्याच्या मध्ये होते. म्हणजे मान झटक्याने फिरवली की सर्वात जास्त ताण धमनीच्या याच वळशावर येतो. तिथे धमनीच्या आतल्या अस्तराला चीर गेली, तर रक्त भिंतीच्या थरांत शिरते, गुठळी बनते आणि तिचा तुकडा सुटून मेंदूत अडकतो. हा पक्षाघात म्हाताऱ्यांचा नव्हे. तिशी-चाळिशीतल्या धडधाकट माणसांना तो होतो, आणि आधी रक्तदाब किंवा मधुमेह असलाच पाहिजे असे काही नाही.

चीर पडल्यावर पहिली खूण बहुतेकदा दुखण्याचीच असते. मानेच्या मागे, एका बाजूला, डोक्याच्या मागच्या हाडापर्यंत जाणारी कळ. 'आजवर असे कधी दुखले नव्हते' असे रुग्ण आपणहून सांगतो. त्यानंतर काही तासांनी, काही दिवसांनी, कधी आठवड्यानेसुद्धा बाकीच्या गोष्टी दिसतात: भोवळ, तोल जाणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, जीभ जड होणे, गिळताना ठसका लागणे, अर्धा चेहरा बधिर होणे. गळ्याच्या पुढच्या बाजूची धमनी फाटली असेल, तर गळा, जबडा आणि डोळ्याभोवती दुखते, त्याच बाजूची पापणी किंचित खाली येते आणि बाहुली लहान होते. आरशात दोन्ही डोळे शेजारी शेजारी पाहिले तर घरच्यांनाही ते कळू शकते. बाहुल्यांतला फरक अंधाऱ्या खोलीत जास्त स्पष्ट दिसतो, कारण धडधाकट डोळ्याची बाहुली मोठी होते आणि आजारी डोळ्याची होत नाही.

मान मोडल्यामुळेच चीर पडली, की आधीच पडलेल्या चिरेमुळे मान दुखत होती म्हणून माणूस मान मोडून घ्यायला गेला, हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. यावर तज्ज्ञांत खरा वाद आहे. पण दोन्ही बाजूंनी निष्कर्ष एकच निघतो. फाटलेल्या धमनीवर कुणीही झटका देऊ नये. केस धुताना मान बेसिनच्या कडेवर फार वेळ मागे टाकून ठेवल्यावरही हा प्रकार झालेला आहे. १९९३ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात अशा पाच रुग्णांची नोंद आली आणि त्याला 'ब्यूटी पार्लर स्ट्रोक' हे नाव पडले. तो क्वचित होतो, घाबरून जाण्याचे कारण नाही. तरी बेसिनच्या कडेवर टॉवेलची जाड घडी ठेवायला किती वेळ लागतो?

इथे तपासणीची एक नेहमीची चूक सांगायला हवी. मानेचा साधा एमआरआय काढला, तो 'नॉर्मल' आला, म्हणून धमनी ठीक आहे असे होत नाही. त्या तपासणीत मणके, मणक्यांमधल्या गाद्या आणि मज्जारज्जू पाहतात. धमनी पाहायची तर सीटी अँजिओग्राफी किंवा एमआर अँजिओग्राफी करावी लागते आणि ती चिठ्ठीवर वेगळी लिहावी लागते. पक्षाघाताची लक्षणे दिसू लागली, तर गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून 'लक्षण किती वाजता सुरू झाले' हे घरच्यांनी कागदावर लिहून न्यावे आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा. रुग्णाला दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नये.

दुसरा प्रश्न हनुवटीचा. रुग्णाला सावकाश हनुवटी छातीला लावायला सांगावे, मग डावी-उजवी मान वळवायला सांगावे. साध्या धरलेल्या मानेत वळवताना अडते, विशेषतः एका बाजूला. मेंदूच्या आवरणाला सूज आली असेल तर उलटे होते. मान वळते, पण हनुवटी छातीकडे जातच नाही. त्यात ताप, उलटी, उजेड सहन न होणे किंवा माणूस गुंगीत बडबडणे यातले काही असेल, तर ते मेंदूज्वराचे समजून त्याच तासाला रुग्णालय गाठावे. क्षयाचा मेंदूज्वर मात्र हळूहळू, आठवड्या-दोन आठवड्यांत चढत जातो. त्यात आधी नुसतेच डोके दुखते, भूक मरते, चिडचिड वाढते. हनुवटी छातीला लागली म्हणून मेंदूज्वर नाहीच, असे मात्र समजू नये. लहान बाळे आणि वृद्ध यांच्यात मान ताठ न होताही तो असू शकतो.

डोक्यात 'फटकन काहीतरी फुटले' अशी कळ येऊन ती मिनिटभरात टोकाला पोहोचली आणि पाठोपाठ मान ताठली, तर मेंदूभोवती रक्तस्राव झाला असण्याची शक्यता पहिली. पहिल्या सहा तासांत काढलेला डोक्याचा सीटी स्कॅन हे रक्त जवळजवळ नेहमी दाखवतो. नंतर ते विरत जाते आणि पाठीतले पाणी काढून पाहावे लागते. दुसऱ्या दिवशी 'आता जरा बरे आहे' म्हणून स्कॅन टाळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता दोन कारणे, जी फार थोड्यांना ठाऊक आहेत आणि ज्यांच्यामुळे उगाच धास्ती पसरते. साठीपुढच्या, बहुधा स्त्रियांना, एका दिवसात मान इतकी जखडते की डावीकडे-उजवीकडे इंचभरही वळत नाही. ताप येतो, रक्तातला सीआरपी (शरीरात सूज असल्याचे दाखवणारा घटक) वाढलेला निघतो. मेंदूज्वर समजून पाठीतले पाणी काढले जाते आणि ते स्वच्छ येते. दुसऱ्या मणक्याच्या वर आलेल्या दातासारख्या हाडाभोवती कॅल्शियमचे स्फटिक साचून तिथे सूज येते, तेव्हा हे चित्र दिसते. त्या हाडाभोवती मुकुटासारखी पांढरी कड सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसते, साध्या एक्स-रेत ती सुटते. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी हे दुखणे थोड्याच दिवसांत विरते. दुसरा भाऊबंद मध्यमवयात भेटतो. यात मान दुखते आणि त्याबरोबर थुंकी गिळतानाही दुखते. घशाच्या मागे, पहिल्या-दुसऱ्या मणक्यासमोर असलेल्या स्नायूच्या दोरीत कॅल्शियम साचून ती सुजते. घशामागचा गळू समजून कधीकधी चाकू लावण्याची तयारी होते. मानेच्या सीटीत कॅल्शियमचा ठिपका दिसला आणि पू दिसला नाही, तर शस्त्रक्रियेची गरज नसते. एक-दोन आठवड्यांत ते आपोआप शमते. खरा गळू असेल तर मात्र ताप मोठा असतो, आवाज दबतो, लाळ गळते आणि तोंड उघडायला त्रास होतो. तिथे थांबायचे नाही.

'शीर दबली' हे आपल्याकडे कुठल्याही मानदुखीला म्हणतात. मानेच्या मणक्यांतून निघणाऱ्या नसांना वरून खाली क्रमांक दिलेले आहेत. खरोखर नस दबली असेल तर ती कुठली, हे बोटे सांगतात. कळ किंवा बधिरपणा अंगठा व तर्जनीत असेल तर सहावी नस, मधल्या बोटात असेल तर सातवी, करंगळीत असेल तर आठवी. पाचवी दबली तर हात खांद्यातून बाजूला उचलताना जोर पडत नाही. सहावीत मनगट वर उचलणे आणि कोपर वाकवणे दुबळे होते, सातवीत कोपर सरळ करून भिंत ढकलता येत नाही, आठवीत मूठ सैल पडते. सहावी आणि सातवी या दोन नसा सर्वात जास्त दबतात. मान मागे आणि दुखऱ्या बाजूला झुकवून डोक्यावर हलका दाब दिला आणि कळ हातात उतरली, तर निदान बळकट होते. दाब दिल्यावर नुसती मानच दुखली तर ती खूण धरत नाहीत. ही परीक्षा डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांनीच करावी, आणि अपघात, ताप किंवा संधिवात असेल तर मुळीच करू नये. घरी पाहण्यासारखी एक खूण आहे. दुखरा हात डोक्यावर ठेवून बसले की बरे वाटते असे रुग्ण सांगत असेल, तर नसेवरचा ताण सैल होतो आहे आणि दुखणे बहुधा नसेचेच आहे. नुसती नस दबली असेल तर बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना आराम पडतो. त्या काळात हातातला जोर कमी होत चालला आहे का, यावर मात्र दर आठवड्याला लक्ष हवे.

नस दबणे आणि मज्जारज्जू दबणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मज्जारज्जू दबला की दुखणे कमीही असू शकते, पण हात अनाडी होतात. शर्टाची बटणे लागेनाशी होतात, पोळी लाटताना लाटणे हातातून निसटते, चप्पल पायातून गळून पडते आणि कळतही नाही. अंधारात चालताना तोल जातो. हनुवटी छातीकडे नेली की पाठीच्या कण्यातून विजेचा झटका गेल्यासारखे वाटते. घरी करता येण्यासारखी एक चाचणी आहे. दहा सेकंदांत मूठ पूर्ण उघडून पूर्ण मिटायची. धडधाकट माणूस वीसच्या आसपास वेळा हे करतो. त्याहून बरेच कमी होत असेल, बोटे एकमेकांपासून सुटी होत नसतील, किंवा लघवी अडू लागली असेल, तर 'पुढच्या महिन्यात दाखवू' म्हणू नये. लघवी अडली असेल तर त्याच दिवशी.

मार लागला असेल तर वरचे सगळे प्रश्न मागे राहतात. दहीहंडीच्या थरावरून पडलेला गोविंदा, उन्हाळ्यात उथळ विहिरीत किंवा नदीत सूर मारलेला मुलगा, दुचाकीवरून उडालेला माणूस, झाडावरून पडलेला शेतकरी यांची मान तपासल्याशिवाय कुणी उचलू-वळवू नये. कॅनडातील डॉक्टरांनी २००१ मध्ये मांडलेला नियम आजही उपयोगी पडतो. रुग्णाचे वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल, तीन फुटांहून किंवा पाच पायऱ्यांहून पडला असेल, डोक्यावर आदळला असेल किंवा हातापायांत मुंग्या असतील, तर एक्स-रे किंवा सीटी झालाच पाहिजे. यातले काही नसेल आणि धोका कमी असल्याच्या ठरावीक खुणा दिसत असतील, तरच डॉक्टर मान दोन्ही बाजूंना ४५ अंश वळवून पाहायला सांगतात. वृद्ध माणसे न्हाणीघरात नुसती घसरून पडली तरी दुसऱ्या मणक्याचे ते दातासारखे हाड मोडते, आणि रुग्ण चालत दवाखान्यात येतो म्हणून ते सुटते. कण्याच्या संधिवातामुळे ज्यांची पाठ-मान आधीच बांबूसारखी ताठ झाली आहे, त्यांना किरकोळ पडल्यानंतर नवे दुखणे सुरू झाले तर फ्रॅक्चर नाही हे सिद्ध होईपर्यंत ते फ्रॅक्चरच समजावे.

औषधाचा प्रश्न तर कुणी विचारतच नाही. कालपरवा उलटी थांबवण्याची गोळी किंवा इंजेक्शन घेतले होते का? मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन किंवा मानसिक आजारासाठीचे हॅलोपेरिडॉल यांनी, विशेषतः तरुणांत आणि मुलांत, काही तासांपासून दोन-तीन दिवसांत मान एका बाजूला पिळवटून जाते, डोळे वर चढतात, जबडा आवळतो. घरच्यांना झटका आला किंवा बाहेरची बाधा झाली असे वाटते. प्रोमेथाझिनसारखे इंजेक्शन दिले की बहुधा तासाभरातच मान सुटते. इथे एमआरआयपेक्षा औषधाची रिकामी पट्टी बरोबर नेणे जास्त उपयोगाचे.

लहान मुलाची मान वाकडी झाली तर 'झोपेत लचकली' म्हणून आठ-आठ दिवस थांबू नये. घशाच्या किंवा कानाच्या संसर्गानंतर पहिला मणका दुसऱ्यावर तिरका सरकून अडकतो. लवकर ओळखला तर पट्टा आणि औषधे यांवर भागते, महिनाभर राहिला तर शस्त्रक्रियेपर्यंत जाते.

आपल्या देशात मणक्याचा क्षय विसरून चालणार नाही. रात्री वाढणारे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन ही त्याची ओळख. महिनाभर मुरलेले हे दुखणे मणका खचल्यावर 'अचानक' होते. मधुमेही, डायलिसिसवरील किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाला ताप आणि मानदुखी एकत्र असतील, तर मज्जारज्जूभोवती पू झाला नाही ना, हे पाहायलाच हवे. पूर्वी कर्करोग झालेल्याची नवी मानदुखी तशीच. आणि मान हलवल्याने जी वाढत नाही पण जिना चढल्यावर वाढते, घाम फुटतो, जबड्यात किंवा डाव्या हातात जाते, ती मानेची नव्हेच. तिथे पहिला कागद ईसीजीचा.

एमआरआयच्या अहवालाबद्दलही थोडे सांगावे लागेल. जपानमध्ये मानेची कसलीही तक्रार नसलेल्या १२११ लोकांचा एमआरआय काढला गेला आणि तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या होत्या. विशीतल्यांतही दहापैकी सात जणांच्या. म्हणून 'गादी सरकली', 'मणक्यात गॅप आला' हे शब्द अहवालात वाचून हबकू नये. अहवालात दिसलेली गादी आणि दुखणारे बोट जुळले, तरच त्या गादीवर बोट ठेवता येते. 'मानेची कमान सरळ झाली आहे' हे एक्स-रेतले वाक्यही असेच. मान आखडली किंवा हनुवटी थोडी खाली ठेवून फोटो काढला तरी कमान सरळ दिसते.

धोक्याची एकही खूण नसेल तर घरी काय करावे? पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन गोळ्या सहा तासांच्या अंतराने घ्याव्यात, दिवसाला ३ ग्रॅमच्या, म्हणजे सहा गोळ्यांच्या, वर जाऊ नये. यकृताचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाचा विकार, पोटात व्रण किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनाने घेऊ नये. पावसाळ्यात ताप असेल तर डेंगीच्या शक्यतेमुळे कुणीच घेऊ नये. १५ मिनिटे कोमट शेक, मग दुखण्याच्या अलीकडे थांबत मान सावकाश वळवणे, दर दोन तासांनी. गळ्याचा पट्टा लागलाच तर दोन-तीन दिवस. त्याहून जास्त दिवस बांधला तर स्नायू ढिले पडतात आणि मान आणखी आखडते. दहा दिवसांत काहीच उतार नसेल तर पुन्हा तपासून घ्यावे. निदान होण्याआधी स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊ नये, कारण त्याने ताप आणि सूज दबतात आणि आत संसर्ग असेल तर तो पसरत राहतो.

सलून चालवणाऱ्या बांधवांना आमची कळकळीची विनंती आहे. चंपी करा, खांदे दाबा, पण मानेला झटका देऊ नका, गिऱ्हाइकाने आग्रह केला तरी. आणि दवाखान्यांतील सहकाऱ्यांना एक सुचवणे. अचानक मान दुखू लागलेल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर दुखणे सुरू झाल्याची वेळ, ताप, हनुवटी छातीला लागते की नाही, दोन्ही हातांचा जोर, चाल आणि गेल्या तीन दिवसांतली औषधे एवढे लिहून ठेवावे. रुग्ण दुसऱ्या दिवशी बिघडून दुसऱ्या रुग्णालयात गेला, तर तिथल्या डॉक्टरला काल काय होते आणि आज काय वाढले, हे त्याच कागदावरून कळेल.

अस्थिरोग व फिजिओथेरपी क्षेत्रांत काम करणारे काही जण,
पुणे